नागपुरात घरी ऑफिस थाटताना: आधी भिंतीतला प्लग, मग कॉम्प्युटर

मी त्रिमूर्तीनगरात राहते आणि घरूनच कायदेशीर कागदपत्रांचं टायपिंग आणि भाषांतर करते. सातबारे, खरेदीखतं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात लावायची जोडपत्रं. डिसेंबरात अधिवेशन भरलं की निवेदनांची गर्दी. काम घरचं असलं तरी मुदत पक्षकाराची असते, आणि तारखेच्या आदल्या रात्री कॉम्प्युटर बंद पडला तर कुणी ऐकून घेत नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी ओळखीतलं कुणीतरी विचारतं, ‘ताई, घरून काम सुरू करायचंय, कोणता कॉम्प्युटर घेऊ?’ मी उलट विचारते की टेबल कुठं ठेवणार, आणि त्या भिंतीतल्या प्लगला अर्थिंग आहे का? समोरचा जरा हिरमुसतो, कारण त्याला प्रोसेसरचं नाव हवं असतं. पण नागपुरात कॉम्प्युटर बिघडताना मी जे पाहिलं, त्यात प्रोसेसर क्वचितच दोषी होता. ऊन, धूळ, वर-खाली होणारी लाइन, कुलरचा ओलावा आणि पहिल्या पावसातली वीज, नुकसान बहुतेक वेळा यांनीच केलं. म्हणून खाली दिलेला क्रम मुद्दाम उलटा आहे. खरेदी मधे येते, सुरुवातीला नाही.

पहिली पायरी: जागा

आपल्याकडे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो दिवस सोडा, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, दरवर्षी पंचेचाळिशीच्या आसपास असतोच. आता लॅपटॉपसोबत आलेली पुस्तिका उघडून पाहा. बहुतेकांमध्ये वापरासाठी कमाल तापमान ३५ अंश दिलेलं असतं. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या, थेट स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्यात दुपारी तुम्ही काम करता, तेव्हा मशीन त्याच्या मर्यादेबाहेर चालत असतं. ते लगेच जळत नाही. आतला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, पंखा ओरडायला लागतो आणि तुम्हाला वाटतं की व्हायरस आला.

तेव्हा शक्य असेल तर खालच्या मजल्यावरची, पूर्वेची किंवा उत्तरेची खोली निवडा. पश्चिमेची भिंत टाळा, कारण ती संध्याकाळी आठपर्यंत तापलेली असते. खिडकी पाठीशी असेल तर स्क्रीनवर उजेड चमकतो, आणि समोर असेल तर डोळे दिपतात. टेबल असं लावा की खिडकी डाव्या-उजव्या बाजूला येईल.

कुलर हा आपल्या घरातला सदस्यच आहे, त्याच्याविना उन्हाळा काढता येत नाही. पण टेबल त्याच्या थेट झोतात नको. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार असतात, आणि ते सुकले की पोर्टच्या तोंडावर पांढरी पूड जमते. माझ्या जुन्या कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या कळा अशाच अडकायला लागल्या होत्या. आता कुलर माझ्या पाठीवर तिरपा येतो, टेबल त्याच्या रेषेबाहेर आहे आणि कुलरच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी असते. कुलरची हवा बाहेर जायला वाट लागतेच, नाहीतर खोली दमट होते आणि तुम्हीही चिकट होता.

दुसरी पायरी: लाइन आणि अर्थिंग

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. पैसे फार लागत नाहीत.

मी जेव्हा या घरात आले, तेव्हा लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मनगट लागलं की मुंग्या यायच्या. मला वाटायचं की अ‍ॅडॉप्टर खराब आहे. दोन अ‍ॅडॉप्टर बदलले. शेवटी इलेक्ट्रिशियन आला, त्याने बोर्ड उघडला आणि म्हणाला, ‘ताई, तीन पिनचा पॉइंट तर दिला आहे, पण वरच्या भोकाला मागून वायरच नाही येऊन राहिली.’ बाहेरून बोर्ड नवाकोरा, पांढराशुभ्र. आत अर्थिंगची, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी, तारच नव्हती.

म्हणून टेबलाच्या जागचा पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या. त्याच्या शेजारी उभं राहून तीन आकडे विचारा. फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रलमध्ये (परतीची तार) २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरा आकडा मोठा असेल तर अर्थिंग कमजोर आहे किंवा न्यूट्रलमध्ये गडबड आहे. हे काम टेस्टरने होत नाही. टेस्टर फक्त फेज आहे की नाही तेवढंच सांगतो. आणि बोर्ड स्वतः उघडू नका.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की तारेला माती धरत नाही आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. स्वतंत्र घर असेल तर मार्चपासून त्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घाला. फ्लॅटमध्ये असाल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढा, लोक आधी हसतील, पण काढा.

कुलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर कधीही लावू नका. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, दिवे मंद होतात तो तोच क्षण. शिवाय कुलरच्या पत्र्यात करंट उतरून जीव गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. घराच्या डीबीमध्ये (मुख्य खटक्यांच्या पेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा खटका, नसेल तर कॉम्प्युटर एक महिना उशिरा घ्या आणि आधी तो बसवून घ्या. मी हे अगदी गांभीर्याने म्हणते आहे.

तिसरी पायरी: यूपीएस, इन्व्हर्टर आणि स्पाइक गार्ड

या तिघांची कामं वेगळी आहेत आणि नवीन माणूस इथं हमखास गोंधळतो.

स्पाइक गार्ड अचानक चढलेला झटका स्वतः झेलतो. लाइन गेली की त्याचा काही उपयोग नाही, आणि व्होल्टेज कमी असेल तरीही नाही. त्याच्या आतला झटका झेलणारा भाग प्रत्येक झटक्याबरोबर झिजतो. त्यावर ‘प्रोटेक्टेड’चा छोटा दिवा असेल आणि तो विझला असेल, तर तो आता साधा एक्स्टेंशन बोर्ड झाला असं समजा.

यूपीएस लाइन गेल्यावर काही मिलिसेकंदात कॉम्प्युटरला बॅटरीवर घेतो. दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंत भार उचलतो, पण आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी असते. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १०० वॉट धरले तर नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटं मिळतात. एवढ्यात फाइल सेव्ह करायची, पाठवायची आणि नीट बंद करायचं. त्यावर तासभर काम करू असं ठरवू नका. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही. तो गरम होताना शेकडो वॉट ओढतो आणि यूपीएस किंचाळून बंद पडतो.

घरी आधीच इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं किंवा पुढच्या पॅनेलवर ‘यूपीएस मोड’चा खटका असतो का ते बघा. साध्या मोडमध्ये तो इतका सावकाश बदल करतो की पंखा-दिव्यांना कळत नाही, पण डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. खटका यूपीएसवर केला की ही अडचण बहुधा सुटते. नवा घेत असाल तर साइन वेव्हचा घ्या, स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आणि पंखेसुद्धा गुणगुणतात.

आता बॅटरीचं. माझा यूपीएस टेबलाखाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी लाइन गेली, यूपीएसने एकदाच ‘टीं’ केलं आणि सगळं काळं झालं. तेरा महिन्यांचीच बॅटरी होती. प्लग काढून झाकण उघडलं तर तिच्या दोन्ही बाजू पुरीसारख्या फुगलेल्या. आतल्या खाचेत ती अशी रुतली होती की दुकानातल्या मुलाला पत्र्याची कड वाकवून काढावी लागली. मी हात लावून पाहिला तर भिंतीकडची बाजू अजून गरम होती. लेड-अ‍ॅसिड बॅटरीसाठी २५ अंश हे सुखाचं तापमान, आणि त्यावर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तीन वर्षं चालेल म्हणून सांगितलेली बॅटरी पुण्यात चालते तशी इथं चालणार नाही, हा हिशेब आधीच धरा. यूपीएस भिंतीपासून वीतभर लांब, मोकळ्या हवेत ठेवा. होळी झाली की काम सुरू असताना नव्हे, तर रिकाम्या वेळी एकदा मेन बंद करून तो किती मिनिटं टिकतो ते घड्याळ लावून बघा. पाच मिनिटांवर आला असेल तर बॅटरी तेव्हाच बदला. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, तिचे थोडे पैसे कापून मिळतात. कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि आम्ल असतं.

चौथी पायरी: आता कॉम्प्युटर

टायपिंग, हिशेब, जीएसटीचं काम, ऑनलाइन क्लास, कॉल सेंटरचं काम यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: लॅपटॉप घ्या आणि त्याला वेगळा मॉनिटर, कीबोर्ड, माउस जोडा. लॅपटॉपच्या आत स्वतःची बॅटरी असते, म्हणजे लाइन गेली तरी काम थांबत नाही. त्याचा अ‍ॅडॉप्टरही सहसा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, खात्रीसाठी त्यावरचं लेबल वाचा. व्हिडिओ एडिटिंग किंवा नकाशांचं जड काम असेल, आणि थंड खोली असेल, तरच डेस्कटॉप.

रॅम १६ जीबी घ्या, आठवर आज काम निघतं पण ब्राउझर आणि मीटिंग एकत्र उघडलं की अडखळतं. साठवणीसाठी एसएसडीच (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) हवी, ५१२ जीबी पुरते. हार्ड डिस्क फक्त बॅकअपपुरती.

जुना, दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप घ्यायला माझी हरकत नाही, कंपन्यांतून निघालेली मजबूत मशीनं त्यात मिळतात. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. पिढी ओळखायला प्रोसेसरचा आकडा वाचा. आय-५ ७२०० म्हणजे सातवी, आय-५ ८२५० म्हणजे आठवी. दोघांच्या किमतीत फरक थोडाच असतो आणि दुकानदार ‘दोन्ही सारखेच’ म्हणतो. सारखे नाहीत. बॅटरी किती वेळ चालते, बिजागऱ्या ढिल्या आहेत का, सगळे पोर्ट चालतात का, हे दुकानातच उभं राहून बघा. पेन ड्राइव्ह सोबत न्या आणि प्रत्येक पोर्टमध्ये लावून पाहा.

खरेदीला बर्डीवर जायचं तर मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरा, पार्किंगसाठी जीव जात नाही. परत येताना मॉनिटर असेल तर ऑटो करा. तीन-चार दुकानांत भाव विचारा, आणि बिल पक्कं घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. एका दुकानातून मी एसएसडी घेतली होती, चिठ्ठीवर नुसतं ‘एसएसडी १ नग’. आठ महिन्यांनी ती बंद पडली तेव्हा ‘ही आमच्याकडचीच कशावरून?’ असं उत्तर मिळालं. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

पाचवी पायरी: जोडायच्या वस्तू

मॉनिटर २२ ते २४ इंची, फुल एचडी. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हातभर. मॉनिटर खाली वाटला तर खाली जाड पुस्तकं ठेवा, स्टँडला पैसे घालायची घाई नको. खुर्चीला मात्र पैसे घाला. पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि कोपर टेबलाच्या उंचीला आलं पाहिजे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरचं काहीतरी बघा, मी समोरच्या घरावरची टाकी बघते.

टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून मॉनिटरला चित्र जाईलच असं नाही. काही फक्त डेटाची असतात, काही फक्त चार्जिंगची. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात डिस्प्ले आउटपुट लिहिलंय का ते वाचल्याशिवाय टाइप-सीची महागडी केबल घेऊ नका. एचडीएमआय असेल तर तेच सोपं.

माझा वायरलेस माउस एके काळी मधेच उडायचा. सेल बदलले, पॅड बदललं. शेवटी लक्षात आलं की बाहेरची हार्ड डिस्क लावली की मगच असं होतं. माउस ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो, त्यांत यूएसबी ३ ची उपकरणं अडथळा आणतात आणि माउसचा इवलासा रिसीव्हर अगदी शेजारच्या भोकात होता. तो दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावला आणि प्रश्न संपला.

प्रिंटर घेताना महिन्याला किती पानं काढता ते मोजा. रोज काढत असाल, रंगीत लागत असेल तर इंक टँक. कधीतरीच काढत असाल तर काळा-पांढरा लेझर. शाईचा प्रिंटर आपल्या उन्हाळ्यात पंधरा दिवस पडून राहिला की नोझल सुकतात आणि पानावर रेघा येतात. तो असेलच तर आठवड्याला एक रंगीत पान काढत जा.

सहावी पायरी: इंटरनेट

राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा, टीव्हीच्या मागं कोंबू नका. महाल भागातल्या जुन्या वाड्यांत भिंती इतक्या जाड असतात की एका खोलीपलीकडे वाय-फाय पोचत नाही, तिथं कॅट-६ ची लॅन केबल ओढून घ्या. टेबल राउटरजवळ असेल तर त्याच्या ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडा, लांब असेल तर २.४ वर.

लाइन गेल्यावर फायबर सहसा चालूच असतो, फक्त तुमचा राउटर बंद पडतो. त्यासाठी छोटा १२ व्होल्टचा राउटर यूपीएस मिळतो. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती ते बघून तसाच घ्या, ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावू नका.

वीज कडाडायला लागली की सगळे प्लग काढा. खटका बंद करून भागत नाही. जूनमधल्या पहिल्याच वादळात माझ्या लॅपटॉपचं लॅन पोर्ट जळालं, तेही चार्जर काढलेला असताना. वीज तांब्याच्या लॅन केबलमधून आली होती, ती केबल गच्चीवरून ओढलेली होती आणि ती काढायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. फायबर काचेचा असतो, त्यातून करंट येत नाही. जुन्या पद्धतीची तांब्याची जोडणी असेल तर बदलून मागा.

सातवी पायरी: मराठी टायपिंग

सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी भाषा जोडा, मग विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं. रोज लिहायचं असेल तर इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा कीबोर्ड शिका. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांश उजव्या हाताला, हलन्त डीवर, ल एनवर आणि ळ शिफ्ट-एनवर. पहिले पंधरा दिवस जड जातात, मग हात आपोआप जातो. कधीमधी लिहिणाऱ्याला फोनेटिक (इंग्रजी कळांवर उच्चारानुसार टाइप करणं) पुरतं. जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये नवं काम सुरू करू नका. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर तुमचा मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि त्यात शोधताही येत नाही. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, लिहा.

आठवी पायरी: बॅकअप आणि सावधपणा

कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. माझ्यासाठी ते लॅपटॉप, बाहेरची डिस्क आणि क्लाउड असं आहे. डिस्क फक्त बॅकअपच्या वेळी जोडा, कायम जोडून ठेवली तर झटका किंवा व्हायरस लॅपटॉप आणि डिस्क दोन्ही एकदम घेऊन जाईल.

‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये दोष आढळला आहे’ म्हणून फोन आला तर स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकू नका, फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा, पहिल्या तासातल्या तक्रारीला अर्थ असतो.

धूळ होळीनंतर आणि दिवाळीच्या साफसफाईत अशी दोनदा काढा. मशीन बंद करून, प्लग काढून, ब्लोअर मारताना आतला पंखा बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, नाहीतर तो हवेने वेगात फिरून खराब होतो. पावसाळ्यात पोर्टजवळ मुंग्या दिसल्या तर टेबलावर खाणं बंद करा, औषध फवारू नका.

शेवटची पायरी: एकदा लाइन घालवून बघा

सगळं जोडून झालं की कामाच्या पहिल्या दिवसाआधी एका संध्याकाळी हे करा. एक फाइल उघडा, कुणालातरी व्हिडिओ कॉल लावा, घरच्यांना सांगा आणि मेन स्विच खाली करा. काय चालू राहतं, काय बंद पडतं, कोण किती वेळ टिकतं, ते कागदावर लिहा.

मी केलं तेव्हा लॅपटॉप चालू होता, मॉनिटर चालू होता आणि कॉल मात्र तुटला. टॉर्च लावून टेबलाखाली वाकून बघितलं, तर राउटरचा अ‍ॅडॉप्टर यूपीएसच्या ज्या भोकात होता त्यावर फक्त ‘सर्ज’ लिहिलेलं होतं. त्या ओळीतली भोकं झटक्यापासून वाचवतात, पण त्यांना बॅटरी नसते. पिन काढून शेजारच्या ओळीत लावली, मेन पुन्हा खाली केला. राउटरचा हिरवा दिवा तसाच लागून राहिला.